मोठं हॉटेल नावाला जागतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉटेलच्या रिसेप्शनमागे मी अकरा वर्षं उभी राहिले. त्यानंतर पैसे साठवून काही नावाजलेल्या हॉटेलांत पाहुणी म्हणूनही राहून आले. ओळखीतलं कुणी अशा हॉटेलचं बुकिंग करायला निघालं की मला हमखास फोन येतो, आणि प्रश्नही बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

एवढं नाव ऐकलंय त्या हॉटेलचं. प्रत्यक्षात ते तसं असतं का?

काही असतात, काही नसतात. आणि एकाच हॉटेलात शेजारशेजारच्या खोल्यांत राहिलेल्या दोघांची मतं अगदी उलटी असू शकतात. दोघंही खरंच बोलत असतात.

हॉटेलचं नाव होतं ते इमारतीमुळे, मोक्याच्या जागेमुळे, पूर्वी तिथे कोण कोण उतरलं होतं त्यामुळे. तुमचा मुक्काम मात्र ठरतो तो खोली कुठली मिळाली आणि त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं यावर. लॉबीतलं झुंबर कितीही मोठं असलं तरी तुम्ही त्याच्याखाली जेमतेम पाच मिनिटं उभे राहता. उरलेला सगळा वेळ खोलीत, न्हाणीघरात आणि तिथल्या माणसांशी बोलण्यात जातो.

माझी कसोटी साधी आहे. काही मागायची वेळ कमीत कमी यावी, आणि आलीच तर दुसऱ्यांदा सांगावं लागू नये. ज्या हॉटेलात हे होतं ते नावाला जागलं असं मी समजते. पुढची बहुतेक उत्तरं याच कसोटीवर तपासून दिली आहेत.

पंचतारांकित म्हटलं की दर्जाची खात्री धरायची ना?

सोयींची धरा. मुक्काम सुखाचा होईलच अशी धरू नका.

ताऱ्यांचं जगभर चालणारं एकच मोजमाप नाही. प्रत्येक देशाची पद्धत आपापली. युरोपातल्या काही देशांनी २००९ मध्ये हॉटेलस्टार्स युनियन स्थापन करून एकसारखे निकष ठरवले. फ्रान्सने २०१० मध्ये पाच ताऱ्यांच्याही वर ‘पॅलेस’ हा वेगळा मान सुरू केला. काही देशांत सरकार तारे देतं, काही ठिकाणी हॉटेलचालकांची संघटना देते.

सरकारी यादीतल्या बऱ्याचशा गोष्टी मोजता येण्याजोग्या असतात. खोलीचं क्षेत्रफळ किती, लिफ्ट आहे का, रिसेप्शन चोवीस तास चालू असतं का, खोलीत तिजोरी आहे का, एवढं तपासनीस टिपून घेतो. रात्री दोन वाजता फोन केल्यावर पलीकडचा माणूस कुठल्या सुरात बोलतो, हे त्या यादीत बसत नाही.

सेवेला वजन देणारी मोजमापंही आहेत. फोर्ब्स ट्रॅव्हल गाइड १९५८ मध्ये ‘मोबिल ट्रॅव्हल गाइड’ म्हणून सुरू झालं. त्यांचे तपासनीस ओळख न देता, स्वतःचे पैसे भरून राहतात आणि जवळपास ९०० निकषांवर हॉटेल जोखतात. त्यात सेवेचा वाटा इमारतीपेक्षा जास्त असतो. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडने २०२४ पासून हॉटेलांना एक, दोन किंवा तीन किल्ल्या द्यायला सुरुवात केली आहे. दोन हॉटेलांत निवड अडली तर मी तारे बाजूला ठेवून या दोन याद्या बघते.

आणि सात तारे?

अशी अधिकृत श्रेणी नाही. दुबईचं बुर्ज अल अरब १९९९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, तेव्हा ते पाहून आलेल्या एका पत्रकाराने ‘सात तारे’ असं लिहिलं आणि ते शब्द जगभर पसरले. तिथे हा वाक्प्रचार हॉटेलचा नव्हता, पण आता बरीच हॉटेलं जाहिरातीत स्वतःहून असे तारे लावतात. जाहिरातीत सहा किंवा सात तारे दिसले की ते कुणी दिले एवढं विचारा.

शंभर-सव्वाशे वर्षं जुनी हॉटेलं अजून तेवढ्याच तोलामोलाची आहेत का?

हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

या हॉटेलांचं नाव झालं ते त्या काळात ती सगळ्यांच्या पुढे होती म्हणून. लंडनचं सॅव्हॉय १८८९ मध्ये उघडलं तेव्हा तिथे विजेचे दिवे होते, विजेवर चालणारी लिफ्ट होती. घरोघरी गॅसचे आणि तेलाचे दिवे जळत होते तो काळ. तिथला कारभार सांभाळून पुढे सेझार रिट्झने १८९८ मध्ये पॅरिसला स्वतःच्या नावाचं हॉटेल काढलं. खोलीलाच जोडून न्हाणीघर, खोलीत वीज आणि टेलिफोन देणाऱ्या युरोपातल्या पहिल्या हॉटेलांत त्याची गणना होते. पाहुण्याला काय हवंय हे त्याला पाहुण्याच्या आधी कळायचं, अशी त्याची ख्याती होती. म्हणजे या हॉटेलांची कीर्ती जुनेपणामुळे झालेली नाही, काळाच्या पुढे असल्यामुळे झाली आहे.

जुनं हॉटेल निवडताना म्हणूनच एक गोष्ट आधी बघावी. मालकाने अलीकडे त्याच्यावर पैसा आणि वेळ खर्च केला आहे का? सॅव्हॉय २००७ च्या डिसेंबरमध्ये बंद झालं, आतल्या सामानाचा लिलाव झाला आणि ते २०१० मध्ये पुन्हा उघडलं. पॅरिसचं रिट्झ २०१२ ते २०१६ बंद होतं. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरियाचं काम २०१७ मध्ये सुरू झालं आणि दारं पुन्हा उघडायला २०२५ उजाडलं. चालतं हॉटेल वर्षानुवर्षं बंद ठेवणं म्हणजे केवढं नुकसान, हे धंद्यातल्या माणसाला विचारा. पण त्याशिवाय भिंतीतले जुने नळ, जुन्या वायरी आणि वातानुकूलनाची नळकांडी बदलता येत नाहीत. वरवर रंग देऊन आणि गालिचे बदलून भागवलेलं हॉटेल पहिल्याच आंघोळीला उघडं पडतं. पाणी आधी गार, मग एकदम कढत, आणि शेजारच्याने नळ सोडला की पुन्हा गार.

बुकिंगच्या फोनवर मी हमखास विचारते, “शेवटचं रिनोव्हेशन कधी झालं, आणि मला मिळणारी खोली त्यात धरली होती का?” दुसरा भाग विसरू नका. बऱ्याच ठिकाणी एकच विंग नवी केलेली असते आणि फोटो फक्त त्याच विंगचे लावलेले असतात.

ब्रँड एकच, तरी एका शहरात उत्तम आणि दुसऱ्या शहरात यथातथा, असं का?

कारण दारावर ज्याची पाटी असते, त्याची ती इमारत बहुतेक वेळा नसतेच. मॅरियटने १९९३ मध्ये आपल्या धंद्याचे दोन भाग केले. मालमत्ता एका कंपनीकडे गेली, हॉटेलं चालवण्याचं काम दुसरीकडे. पुढे बहुतेक मोठ्या साखळ्या याच वाटेने गेल्या. इमारत एका गुंतवणूकदाराची, नाव आणि व्यवस्थापन ब्रँडचं. काही ठिकाणी तर व्यवस्थापनही तिसऱ्याचंच, ब्रँडचं फक्त नाव.

गादी बदलायची, गळकी पाइपलाइन दुरुस्त करायची किंवा माणसं वाढवायची तर पैसे मालकाच्या खिशातून येतात. फर्निचर आणि सामान बदलण्यासाठी उत्पन्नातला साधारण ४ टक्के भाग बाजूला काढायची रीत आहे, पण मालक हात आखडता घेणारा असला की सोफ्याच्या कडा विरायला लागतात आणि ब्रँड पत्र लिहीत बसतो. म्हणून एका शहरातला अनुभव दुसऱ्या शहरातल्या बुकिंगसाठी गृहीत धरू नका. त्या एका हॉटेलची चौकशी करा.

फोटो आणि रिव्ह्यू, यांवर कितपत विसंबायचं?

फोटो रुंद लेन्सने काढलेले असतात, त्यामुळे खोली असते त्यापेक्षा ऐसपैस दिसते. मी फोटो सोडून क्षेत्रफळाचा आकडा बघते.

रिव्ह्यूंचा थोडा अभ्यास झालेला आहे. २०१४ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. संशोधकांनी एकाच हॉटेलचे दोन ठिकाणचे रिव्ह्यू ताडून पाहिले. ट्रिपअॅडव्हायझरवर तेव्हा कुणीही लिहू शकत होतं, एक्सपीडियावर फक्त तिथून बुकिंग करून राहिलेल्यालाच लिहिता यायचं. शेजारी स्पर्धक असलेल्या हॉटेलांना पहिल्या ठिकाणी वाईट शेरे जास्त पडलेले दिसले. म्हणून प्रत्यक्ष राहिलेल्याची खात्री करून घेतलेले रिव्ह्यू आधी वाचावेत.

वाचतानाही सरासरी गुणांपेक्षा मी मधले शेरे बघते, तीन आणि चार गुणांचे. हरखून गेलेला माणूस तपशील देत नाही आणि रागावलेला एकच तपशील धरून बसतो. मधला माणूस सांगतो की खोली छान होती, पण खिडकीखाली रात्री कचऱ्याची गाडी येते. असा शेरा गेल्या सहा महिन्यांत दोघा-तिघांनी दिला असेल तर तो खरा धरावा. हॉटेलने खाली काय उत्तर दिलंय तेही बघा. प्रत्येकाला तेच छापील उत्तर चिकटवलेलं असेल, तर तुमच्या तक्रारीच्या वाट्यालाही तेच येईल.

खोली कुठली मागायची?

मुक्कामाचं सोनं किंवा माती इथे होते आणि नेमकं याबद्दल लोक विचारत नाहीत. “जी असेल ती द्या” म्हणतात. मग जी कुणाला नको असते ती त्यांना जाते. मी स्वतः अशा चाव्या हातात ठेवल्या आहेत, म्हणून सांगते आहे.

प्रत्येक हॉटेलात काही खोल्या अशा असतात की कर्मचाऱ्यांना त्यांचे नंबर तोंडपाठ असतात. सर्व्हिस लिफ्टच्या भिंतीला लागून असलेली, बँक्वेट हॉलच्या बरोबर वरची, किचनच्या एक्झॉस्टकडे खिडकी असलेली. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली खोलीही यातलीच. ते दार कुलूपबंद असतं, पण आवाज अडवत नाही. शेजारचा माणूस फोनवर काय बोलतोय ते शब्दन् शब्द कळतं.

फोन हॉटेलच्या नंबरवर करा, साखळीच्या कॉल सेंटरला नको. कॉल सेंटरच्या मुलीने ती इमारत पाहिलेली नसते. दिवस निवडा पोहोचण्याच्या आदल्या दिवसाचा किंवा त्याच्या आधीचा, कारण कुणाला कुठली खोली द्यायची ते बहुधा आदल्या संध्याकाळी किंवा त्या दिवशी सकाळी ठरतं. आणि मोघम मागणी करू नका. “चांगली खोली द्या” याचा अर्थ रिसेप्शनवरची व्यक्ती ‘वरचा मजला’ असा घेते. तुम्हाला शांतता हवी असेल तर तसं सांगा: लिफ्टपासून लांब, मधलं दार नको, रस्त्याच्या बाजूची नको. देखावा हवा असेल तर देखावा म्हणा. दोन्ही एका खोलीत मिळणं अवघड, कारण देखावा असलेली बाजू बऱ्याचदा रस्त्याचीच असते. काय महत्त्वाचं ते तुम्ही ठरवा.

खोलीत गेल्यावर सामान उघडण्याआधी पाच मिनिटं द्या. वातानुकूलन चालू करून ऐका. शॉवर सोडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते बघा. पडदे ओढून, दिवे घालवून अंधार होतो का बघा. काही खटकलं तर बॅगा बंद असतानाच खोली बदलून मागा. तेव्हा ते सोपं असतं. पलंगावर कपडे पसरल्यावर तुम्हालाही नको वाटतं आणि हॉटेललाही.

दिव्यांचं मुद्दाम सांगितलं. एका फार नावाजलेल्या हॉटेलात रात्री साडेअकराला मी पलंगाशेजारच्या काचेच्या पट्टीवर बोटं फिरवत बसले होते. त्या पट्टीवर चिन्हं होती, अक्षरं नव्हती. एक दाबलं की पडदा सरकायचा, दुसरं दाबलं की न्हाणीघरातला आरसा उजळायचा. सगळे दिवे गेले, पण पलंगाखालची एक पिवळी पट्टी तशीच जळत राहिली. वीस मिनिटांनी खालून एक मुलगा आला. त्याने कपाटाच्या आत हात घालून एक बटण दाबलं आणि दिलगिरीने म्हणाला, “रोज रात्री तीन-चार खोल्यांतून फोन येतो.” रोज तीन-चार फोन येतात आणि तरी त्या बटणाजवळ एक चिठ्ठी चिकटवावीशी कुणाला वाटत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पाहुण्याच्या नजरेने खोली पाहायला तिथे कुणी रात्रभर राहिलंच नव्हतं.

एवढ्या महागड्या गादीवर पहिल्या रात्री झोपच लागली नाही. गादी वाईट होती का?

बहुधा नाही. नव्या जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते, हे झोपेच्या अभ्यासकांना १९६० च्या दशकापासून माहीत आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये यामागचं कारण दाखवलं. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि बारीक आवाजालाही चटकन जागा होतो. तो जणू पहाऱ्यावर बसलेला असतो.

म्हणून एकाच रात्रीसाठी मोठ्या हॉटेलात जाणाऱ्यांना मी दोन रात्रींचा आग्रह करते. खर्च दुप्पट होतो हे कळतं मला. पण एक रात्र म्हणजे दुपारी पोहोचायचं, रात्री कूस बदलत काढायची आणि सकाळी बॅग भरायची. दुसरी रात्र खऱ्या विश्रांतीची. पैशांची ओढाताण असेल तर थोड्या साध्या खोलीत दोन रात्री राहा, भारी खोलीत एक नको.

आवाजाबद्दलही एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर असू नये. नेहमीचं बोलणं ६० च्या आसपास असतं. मोबाइलवरचं आवाज मोजणारं अॅप अगदी अचूक नसलं तरी खोली बदलून मागताना हाताशी काहीतरी असतं.

‘हजार थ्रेड काउंट’च्या चादरी खरंच चांगल्या का?

थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंच कापडातले धागे. त्या आकड्यावर जाऊ नका. दोन-तीन पदरी सूत वापरून प्रत्येक पदर वेगळा मोजला की आकडा फुगतो, कापड मात्र जाड आणि कोंदट होतं. लांब धाग्याचा कापूस आणि ३००-४०० च्या आसपासची घट्ट साधी वीण, नीट धुऊन कडक इस्त्री केलेली, यापेक्षा झोपायला चांगलं मी काही अनुभवलेलं नाही. पलंग पांढराशुभ्र ठेवण्याची लाट आली ती वेस्टिन या हॉटेल साखळीने १९९९ मध्ये आणलेल्या ‘हेवन्ली बेड’नंतर. पांढऱ्यावर डाग लपत नाही, म्हणून पाहुण्याला स्वच्छतेची खात्री वाटते.

चांगली सेवा म्हणजे नेमकं काय? सगळीकडेच तर हसून नमस्कार करतात.

नमस्कार शिकवता येतो. दहा फुटांवर नजर द्यायची, पाच फुटांवर बोलायचं, हा नियम तर प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात घोकून घेतात. त्यात वाईट काही नाही. पण खरी सेवा बघितलेलं लक्षात ठेवण्यात असते.

बाबांना घेऊन मी एका हॉटेलात उतरले होते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते. न्हाणीघरात शॉवर टबाच्या आत होता आणि टबाची कड गुडघ्याएवढी उंच. बुकिंग करताना हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. पहिल्या सकाळी बाबांनी टबाच्या कडेवर टॉवेलची घडी ठेवली, तिच्यावर हात टेकला आणि कसेबसे आत गेले. आम्ही कुणाला काही बोललो नाही. दुपारी फिरून आलो तर टबात रबरी मॅट अंथरलेली होती, बाहेर एक बुटकं, रुंद स्टूल होतं, आणि भिंतीला धरायची दांडी ज्या बाजूला होती त्याच बाजूला ते ठेवलेलं होतं. कडेवरचा ओला टॉवेल बदलून तशीच नवी घडी ठेवली होती. चिठ्ठी नव्हती, फोन नव्हता. खोली साफ करायला आलेल्या बाईंनी त्या ओल्या घडीवरून सगळं ओळखलं होतं. बाबा स्टुलावर बसले, पाय आत घेतले आणि आतूनच मला हाक मारून म्हणाले, “अगं, जमलं.”

त्या हॉटेलची लॉबी कशी होती ते मला आज नीट आठवतही नाही.

हे घडायला त्या बाईंकडे वेळ असावा लागतो. एकीच्या वाट्याला दिवसाला किती खोल्या येतात यावर ते अवलंबून आहे. एका खोलीमागे एक किंवा त्याहून जास्त कर्मचारी ठेवणारी हॉटेलं महाग असतात ती याच कारणाने. आणि स्टूल आणायला वरिष्ठांची सही लागू नये, एवढा अधिकारही तिच्याकडे हवा. रिट्झ-कार्लटन या साखळीत पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते, वरच्याला न विचारता. एवढी रक्कम क्वचितच लागत असेल, पण “साहेबांना विचारून सांगतो” हे वाक्य त्यामुळे कमी ऐकू येतं.

कोटावर सोन्याच्या किल्ल्या लावलेला माणूस कोण असतो?

तो कन्सिअर्ज, म्हणजे पाहुण्यांची बाहेरची कामं आणि तिकिटं यांची सोय लावून देणारा माणूस. एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्या म्हणजे ‘ले क्ले दोर’ या संघटनेचं सदस्यत्व. १९२९ मध्ये पॅरिसच्या कन्सिअर्जनी ती सुरू केली. सदस्य होण्यासाठी काही वर्षांचा अनुभव आणि परीक्षा लागते. पुष्कळ पाहुणे त्याच्याकडे फक्त टॅक्सी मागतात. तुम्ही आलात कशासाठी आणि हातात वेळ किती आहे ते त्याला सांगा, आणि दिवस आखून मागा. सगळ्या तिकिटांची सोय तो करेलच असं नाही, पण कुठे जायची गरज नाही हे तो फार चांगलं सांगतो.

काही बिघडलं तर तक्रार करावी का? उगीच वाद नको वाटतो.

करावी, आणि तिथल्या तिथे करावी. चेक-आउट करताना सांगितलं तर हॉटेलच्या हाती बिलातून काही वजा करण्यापलीकडे काहीच उरत नाही, तुमच्या रात्री तर गेलेल्याच असतात.

एकदा आम्हाला सर्व्हिस लिफ्टशेजारची खोली मिळाली. हॉटेल मोठ्या नावाचं. पहाटे पाचला लिफ्टच्या दारातली लोखंडी पट्टी ओलांडून ट्रॉल्या बाहेर यायला लागल्या, प्रत्येक ट्रॉलीला दोन दणके, पुढच्या चाकांचा आणि मागच्या चाकांचा. खाली जाऊन सांगितलं तर मुलगा म्हणाला, “हॉटेल फुल्ल आहे मॅडम.” माझ्या तक्रारीची त्याने नोंदसुद्धा केली नाही. मी ड्यूटी मॅनेजरला भेटायचं म्हटलं. ते गृहस्थ माझ्याबरोबर वर आले आणि खोलीत काही न बोलता उभे राहिले. दोन ट्रॉल्या गेल्या. मग म्हणाले, “मलाही इथे झोप लागली नसती.” दुपारी बाराला दुसरी खोली मिळाली, आणि संध्याकाळी पाहिलं तर लिफ्टच्या त्या पट्टीवर रबर बसवलेलं होतं. त्या मुलाच्या उत्तरावर मी हॉटेल सोडलं असतं तर आज सगळ्यांना तिथे जाऊ नका म्हणून सांगत असते.

बोलताना काय झालं आणि काय हवं, दोन्ही सांगा. “फार वाईट सोय आहे” याला उत्तर नसतं. “पाचपासून आवाज येतो, दुसऱ्या टोकाची खोली हवी, केव्हा मिळेल?” याला असतं.

पहिले दोन दिवस छान गेले, पण निघताना बिलाचा घोळ झाला आणि आता तेवढंच आठवतं. असं का होतं?

मनाची रीतच तशी आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग केला. लोकांना ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्या फेरीत तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाणी अगदी थोडंसं कमी गार केलं. पुन्हा कुठली फेरी करायची असं विचारल्यावर जास्त जणांनी लांबलेली फेरी निवडली. त्रास जास्त वेळ झाला तरी शेवट बरा झाला, आणि आठवणीत तोच राहिला.

चांगली हॉटेलं निरोपाकडे एवढं लक्ष देतात ते यामुळेच. तुमच्या बाजूने एक करता येतं. बिल आदल्या रात्री मागवून खोलीत निवांत वाचा. चूक असेल तर रात्रीच दुरुस्त होते, आणि सकाळी रांगेत उभं राहून हमरीतुमरीवर यावं लागत नाही.

बिलात न सांगितलेले आकार येतात का?

येतात. ‘रिसॉर्ट फी’ किंवा ‘डेस्टिनेशन फी’ नावाने दररोज काही रक्कम लागते, तुम्ही पोहण्याचा तलाव वापरा अथवा नका वापरू. अमेरिकेत मे २०२५ पासून असे सक्तीचे आकार पहिल्याच किमतीत धरून दाखवणं बंधनकारक झालं आहे. इतरत्र बुकिंगच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन एकूण आकडा बघा.

खास दिवसासाठी गेलो होतो. सगळं ठीक होतं, तरी मन खट्टू झालं.

खूप जणांना असं होतं आणि त्यात तुमची चूक नाही. समाधान हे मिळालेल्या गोष्टीवर जितकं, तितकंच आधी मनाशी काय धरलं होतं यावर अवलंबून असतं. रिचर्ड ऑलिव्हर या अभ्यासकाने १९८० मध्ये हेच मांडलं. मोठ्या नावाची अडचण अशी की अपेक्षा दाराशी पोहोचण्याआधीच आभाळाला टेकलेली असते.

जाण्याआधी घरी बसून एकमेकांना विचारा की या मुक्कामातून आपल्याला काय हवंय. एकाला दिवसभर खोलीतून बाहेर पडायचं नसतं, दुसऱ्याला शहर बघायचं असतं, आणि हे कळतं तिथे गेल्यावर. शहर बघायचं असेल तर सकाळी आठला बाहेर पडून रात्री दहाला येणार, मग महागड्या खोलीचा उपयोग काय? साधी, स्वच्छ खोली घ्या. मोठं हॉटेल हॉटेलातच वेळ काढणाऱ्यांसाठी असतं. आणि दिवस खास आहे हे बुकिंग करताना कळवा. मनातलं ओळखणारी माणसं तिथे असतात, पण तारीख त्यांना कशी कळणार?

सेवा फार आवडली. नुसतं ‘थँक यू’ पुरेसं वाटत नाही. काय करावं?

नाव लिहा. “सगळे कर्मचारी छान होते” असं लिहिलेलं कुणापर्यंतच पोहोचत नाही. खोली नंबर, तारीख, त्या व्यक्तीचं नाव आणि तिने नेमकं काय केलं, एवढ्या चार ओळी जनरल मॅनेजरच्या नावाने लिहून रिसेप्शनवर द्या. आमच्याकडे अशी पत्रं सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचली जायची, त्याची प्रत त्या माणसाच्या फाइलला लागायची आणि बढतीच्या वेळी ती फाइल उघडली जायची. हाउसकीपिंगच्या वाट्याला अशी पत्रं सगळ्यात कमी यायची, कारण पाहुणे बाहेर गेल्यावर त्या येतात आणि पाहुणे परतण्याआधी जातात. बाबांसाठी स्टूल ठेवणाऱ्या बाईंचं नाव मला माहीत नव्हतं. मी रिसेप्शनवर खोली नंबर सांगून ते विचारून घेतलं आणि पत्र बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं.